ईटीएफमध्ये मोठ्या संस्थांचा पैसा किती, हे कसं शोधायचं आणि तो आकडा कसा वाचायचा

अमेरिकेतल्या कुठल्याही ईटीएफचं (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) पान उघडा, कुठेतरी 'इन्स्टिट्यूशनल ओनरशिप' म्हणून एक टक्का दिसतोच, आणि तो ६०-७० च्या वर असला की लगेच ग्रुपवर मेसेज फिरायला लागतात की मोठी मंडळी शिरलीयेत, आता घ्यायला हरकत नाही. एलआरएसमधून (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) डॉलर पाठवून अमेरिकन ईटीएफ घेणारे आपल्याकडे बरेच झालेत, म्हणून हे जरा नीट लिहून ठेवतोय. ईटीएफच्या बाबतीत तो टक्का एकटा घेतला तर जवळपास काहीच सांगत नाही. तो टक्का कुणाकुणाचा मिळून झालाय, त्या प्रत्येकाचं त्या ईटीएफशी काय काम आहे, हे कळलं तरच त्याला अर्थ येतो. आणि हे शोधणं अवघड नाहीये, सगळा डेटा फुकट आहे, फक्त दोन-तीन संध्याकाळी बसून चिकाटीने करायला लागतं.

आधी हा डेटा येतो कुठून ते बघू. अमेरिकेत १९३४ च्या सिक्युरिटीज एक्स्चेंज कायद्यात १९७५ साली कलम १३(एफ) घातलं गेलं. ज्या मॅनेजरच्या हातात एसईसीच्या (अमेरिकेचा शेअर बाजार नियामक) यादीतल्या सिक्युरिटीज १० कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त आहेत त्याने दर तिमाहीला एसईसीकडे '१३एफ' नावाचा फॉर्म भरायचा, तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत. म्हणजे शेवटच्या तारखा साधारण १४ फेब्रुवारी, १५ मे, १४ ऑगस्ट आणि १४ नोव्हेंबर, सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस. बहुतेक मोठे लोक अगदी शेवटच्या दिवशीच भरतात, त्यामुळे तुम्ही १० तारखेला बघून 'अमक्याने सगळं विकलं' असं ठरवलंत तर शक्यता हीच जास्त की त्याने अजून फॉर्मच भरलेला नाहीये. कुठल्या सिक्युरिटीज यात धरायच्या याची अधिकृत यादी एसईसी दर तिमाहीला काढते, त्यात ईटीएफ असतात, साधे ओपन-एंड म्युच्युअल फंड नसतात. व्हॅन्गार्डचा व्हीओओ (एस अँड पी ५०० निर्देशांकाचा ईटीएफ) दिसेल पण त्याच फंडाचे म्युच्युअल फंडवाले युनिट दिसणार नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे भागाकार करताना लागणार आहे.

आता या फॉर्ममध्ये काय नसतं तेही आत्ताच सांगतो कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. शॉर्ट पोझिशन, म्हणजे उसने शेअर विकून भाव पडण्यावर लावलेली पैज, नसते. फ्युचर्स नसतात. कॅश किती आहे ते नसतं. विकत कधी घेतलं, काय भावाने घेतलं ते नसतं, फक्त तिमाहीच्या शेवटच्या दिवशी हातात काय होतं तेवढंच. १० हजार शेअरपेक्षा कमी आणि त्याचवेळी २ लाख डॉलरपेक्षा कमी अशी किरकोळ होल्डिंग गाळायची मुभा आहे. थोडक्यात हा दीड महिना जुना आणि एकाच बाजूने काढलेला फोटो आहे.

सुरुवात क्युसिपपासून करा, नावापासून नाही

प्रत्येक अमेरिकन सिक्युरिटीला ९ अक्षरी क्युसिप नंबर असतो, ईटीएफ कंपनीच्या फॅक्टशीटवर मिळतो. एसपीवायचा (हाही एस अँड पी ५०० चा ईटीएफ) आहे ७८४६२एफ१०३. नावाने शोधायला गेलात तर फसाल, कारण आयशेअर्सच्या बहुतेक ईटीएफचं इश्युअरचं नाव १३एफमध्ये नुसतं 'आयशेअर्स टीआर' असं येतं, मग तो इंडियाचा आयएनडीए असो नाहीतर अमेरिकन बाँडचा असो, फरक फक्त पुढच्या क्लासच्या रकान्यात, आणि तो रकाना प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने भरतो. क्युसिप मात्र एकच.

इथेच एक्सेलचा एक त्रास आहे जो पहिल्यांदा लक्षातच येत नाही. फर्स्ट ट्रस्टच्या एफडीएन या इंटरनेट ईटीएफचा क्युसिप आहे ३३७३३ई३०२. एक्सेलला वाटतं की मधला ई म्हणजे दहाचा घात, आणि फाइल नुसती डबल क्लिक करून उघडली की त्या सेलमध्ये ३.३७ई+३०६ असा एक अगडबंब आकडा बसतो, मग तुम्ही फिल्टर लावता, एकही ओळ सापडत नाही, आणि तुम्हाला वाटतं एफडीएन कुणाकडेच नाहीये. म्हणून फाइल कधीही डबल क्लिकने उघडू नका, डेटा इम्पोर्टमधून आणा आणि क्युसिपचा कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा. पायथन वापरत असाल तर वाचतानाच तो कॉलम स्ट्रिंग म्हणून घ्या.

डेटा घ्यायचा कुठून

नुसतं पटकन बघायचं असेल तर नॅस्डॅकच्या साइटवर टिकर टाकून होल्डर्सची यादी मिळते, व्हेलविस्डम, फिनटेल, १३एफ डॉट इन्फो अशाही साइट आहेत. पहिली नजर टाकायला ठीक आहेत. पण प्रत्येक साइट दुरुस्त्या, ऑप्शन आणि छेद (ज्याने भागायचं ती एकूण शेअरची संख्या) आपापल्या पद्धतीने धरते त्यामुळे एकाच ईटीएफचे दोन साइटवर दोन वेगळे टक्के दिसतात आणि कुठला खरा हे कळायला मार्ग नसतो. माझं स्पष्ट मत असं की ज्या ईटीएफमध्ये तुमचा खरोखर मोठा पैसा आहे त्याचा हिशोब एकदा तरी स्वतः मांडून बघा.

त्यासाठी एसईसीच्याच साइटवर 'फॉर्म १३एफ डेटा सेट्स' म्हणून झिप फाइली आहेत, तीन-तीन महिन्यांच्या, २०१३ पासूनच्या. आत टॅबने तोडलेल्या साध्या टेक्स्ट फाइली असतात. तुम्हाला मुख्यतः तीन लागतील. सबमिशन नावाच्या फाइलमध्ये फॉर्म कधी भरला आणि तो कुठल्या तिमाहीचा आहे ते असतं, कव्हरपेजमध्ये मॅनेजरचं नाव आणि हा दुरुस्तीचा फॉर्म आहे का ते, आणि इन्फोटेबलमध्ये खरा माल, म्हणजे क्युसिप, किंमत, शेअरची संख्या, पुट की कॉल (ठरलेल्या भावाने शेअर विकायचा किंवा घ्यायचा हक्क देणारे ऑप्शन) वगैरे. तिन्ही फाइली अॅक्सेशन नंबरवर (प्रत्येक फॉर्मचा स्वतंत्र क्रमांक) जोडायच्या. इन्फोटेबल फार मोठी असते, लाखो ओळी, साधा लॅपटॉप एक्सेलमध्ये गुदमरतो, म्हणून आधी तुमच्या क्युसिपपुरत्या ओळी वेगळ्या काढा आणि मग काय ते एक्सेल करा.

मग गाळण्या लावायच्या. पहिली म्हणजे तिमाहीची, कारण झिपमध्ये त्या काळात भरलेले सगळे फॉर्म असतात आणि त्यात कुणीतरी दोन वर्षांपूर्वीचा राहिलेला फॉर्म आत्ता भरलेला असतो, तो बाहेर काढा. दुसरी दुरुस्तीची. दुरुस्ती दोन प्रकारची असते, एक जुना फॉर्म पूर्ण रद्द करून नवा, आणि दुसरी फक्त राहिलेल्या ओळींची भर, पहिल्या प्रकारात जुना फॉर्म टाकून द्यायचा, दुसऱ्यात बेरीज करायची, उलटं केलंत तर एखादा मोठा मॅनेजर तुमच्या यादीत दुप्पट दिसेल. तिसरी पुट-कॉलची, ती सगळ्यात महत्त्वाची आणि तिच्याबद्दल खाली सविस्तर. आणि एक किमतीची, ३ जानेवारी २०२३ पासून किंमत पूर्ण डॉलरमध्ये लिहायची आहे, त्याआधी हजारांत लिहायचे, त्यामुळे जुनी-नवी तिमाही शेजारी ठेवताना हजाराने गुणायला विसरू नका. शंका आली तर किंमत भागिले शेअर करून बघा, त्या दिवशीच्या क्लोजिंग भावाच्या आसपास आलं पाहिजे, नाही आलं तर ती ओळ चुकीची भरलीये.

पुट-कॉलच्या ओळी

ऑगस्ट २०२३ मध्ये जगभर हेडलाइन आली होती की मायकल बरी या हेज फंड मॅनेजरने बाजार पडणार म्हणून १६० कोटी डॉलर लावलेत. त्याच्या सायन कंपनीच्या ३० जून २०२३ च्या १३एफमध्ये एसपीवायवर २० लाख शेअरचे पुट आणि क्यूक्यूक्यूवर (नॅस्डॅक-१०० निर्देशांकाचा ईटीएफ) २० लाख शेअरचे पुट होते. त्या दिवशी एसपीवाय ४४३.२८ डॉलरला बंद झाला होता, गुणिले २० लाख केलं की ८८.६६ कोटी. क्यूक्यूक्यू ३६९.४२ ला, म्हणजे ७३.८८ कोटी. बेरीज १६२ कोटींच्या वर, हाच तो हेडलाइनमधला आकडा. पण ही किंमत ऑप्शनखालच्या शेअरची आहे, १३एफचा नियमच तसा आहे, पुटसाठी खिशातून किती प्रीमियम (ऑप्शनची किंमत) गेला ते फॉर्ममध्ये येतच नाही, स्ट्राइक (ठरलेला भाव) येत नाही, एक्सपायरी (मुदत) येत नाही. प्रत्यक्ष प्रीमियम त्याच्या एका लहानशा भागाइतकाच असू शकतो. आणि नोव्हेंबरमध्ये पुढचा फॉर्म आला तेव्हा हे दोन्ही पुट त्यात नव्हते, म्हणजे ऑगस्टमधली बातमी वाचून ज्यांनी ईटीएफ विकले त्यांना हेही माहीत नव्हतं की ती पोझिशन त्या दिवशी चालू आहे की नाही.

म्हणून ओनरशिप मोजताना पुट आणि कॉलच्या ओळी सरळ बाजूला काढा. ज्याच्याकडे पुट आहे तो मालक नाही, कॉलवालाही मालक नाही. ज्या साइट हे सगळं एकत्र करून टक्का काढतात त्यांच्या टक्क्यावर विश्वास ठेवू नका. पण त्या ओळी फेकूनही देऊ नका, पुढच्या पायरीला कामाला येतात.

मालक कोण आहे ते ओळखा, हेच खरं काम

यादी साफ झाली की वरचे ३०-४० होल्डर घ्या आणि प्रत्येकापुढे एक शिक्का मारा. हे कंटाळवाणं काम आहे पण सगळा अर्थ इथे आहे, बाकी सगळी नुसती तयारी.

एक गट मार्केट मेकरचा. जेन स्ट्रीट, सिटाडेल, सस्क्वेहॅना ही नावं जवळपास प्रत्येक मोठ्या ईटीएफच्या यादीत वर दिसतात. यांना त्या ईटीएफबद्दल काही मत नसतं, यांचा धंदा दोन्ही बाजूंना भाव देण्याचा आहे, हातात ईटीएफ आहे तर दुसरीकडे फ्युचर्स किंवा आतले शेअर शॉर्ट करून धोका शून्यावर आणलेला असतो, आणि ती दुसरी बाजू १३एफमध्ये दिसत नाही. ओळखायची खूण सोपी आहे, एकाच ईटीएफच्या समोर एकाच मॅनेजरच्या तीन ओळी, साधे शेअर, पुट आणि कॉल, तिन्ही मोठ्या. असं दिसलं की डोळे झाकून मार्केट मेकरचा शिक्का मारा आणि त्यांचे शेअर वाढले की घटले याचा काहीही अर्थ काढू नका.

दुसरा गट ब्रोकर आणि वेल्थ मॅनेजरचा, मॉर्गन स्टॅन्लीसारखी मोठी नावं आणि त्यांच्याखाली शेकडो छोटे सल्लागार ज्यांची नावं तुम्ही कधी ऐकलेली नसतील. कागदावर ही संस्था, पण पैसा तुमच्या-आमच्यासारख्या घरगुती माणसांचाच असतो, कुणा डॉक्टरचा, कुणा निवृत्त शिक्षिकेचा, फक्त सल्लागाराच्या हातात दिलेला. ईटीएफमधली 'इन्स्टिट्यूशनल' होल्डिंग बघताना या गटाचा वाटा बघाच, तो बऱ्याचदा वाटतो त्यापेक्षा खूप मोठा असतो. हा पैसा सावकाश हलतो आणि ईटीएफसाठी चांगला असतो, पण त्याला स्मार्ट मनी म्हणणं बरोबर नाही.

तिसरा गट म्हणजे ईटीएफ कंपनीचे स्वतःचेच दुसरे फंड. ब्लॅकरॉकचे अॅलोकेशन ईटीएफ आत आयशेअर्सचेच ईटीएफ भरतात, मग होल्डरच्या यादीत ब्लॅकरॉक वर दिसतो, ही घरातल्या घरातली देवघेव आहे.

आणि चौथा गट म्हणजे ज्यांच्यासाठी आपण हे सगळं करतोय, पेन्शन फंड, सार्वभौम (देशांच्या सरकारांचे) फंड, एंडोमेंट (विद्यापीठांसारख्या संस्थांचा राखीव निधी), विमा कंपन्या, ज्यांनी समितीत चर्चा करून, कागद करून हा ईटीएफ घेतलाय. आयबीआयटी, म्हणजे ब्लॅकरॉकचा बिटकॉइन ईटीएफ, जानेवारी २०२४ मध्ये आला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात कळलं की विस्कॉन्सिन राज्याच्या इन्व्हेस्टमेंट बोर्डाने मार्चअखेर जवळपास १० कोटी डॉलरचा आयबीआयटी धरलाय. सरकारी पेन्शनचा पैसा त्यात आला ही तेव्हा खरंच मोठी बातमी होती. डिसेंबर २०२४ अखेर त्यांच्याकडे सुमारे ६० लाख शेअर होते. मे २०२५ मध्ये पुढचा फॉर्म आला, त्यात शून्य. त्याच तिमाहीत अबूधाबीच्या मुबादला या सार्वभौम फंडाने मात्र वाढवले, ८२ लाखांवरून ८७ लाख शेअर झाले. आणि गंमत बघा, मुबादलाची डॉलरमधली किंमत ४३.७ कोटींवरून ४०.९ कोटींवर आलेली, कारण ईटीएफचा भावच ५३ डॉलरवरून ४७ च्या खाली आला होता. नुसता डॉलरचा रकाना बघणाऱ्याला वाटलं असतं की मुबादला विकतोय. म्हणून तिमाही-तिमाहीची तुलना कायम शेअरच्या संख्येने करा.

त्यातही स्प्लिटचं लक्षात ठेवा, श्वाबच्या एससीएचडीचे ऑक्टोबर २०२४ मध्ये एकाचे तीन शेअर झाले, सप्टेंबर आणि डिसेंबरचे आकडे तसेच्या तसे शेजारी ठेवलेत तर सगळ्या जगाने तिप्पट खरेदी केली असं दिसेल.

होल्डिंग मोठं की छोटं हे मॅनेजरच्या बाजूनेही बघा. वॉरन बफेटच्या बर्कशायर हॅथवेने २०१९ च्या शेवटच्या तिमाहीत एसपीवायचे ३९,४०० आणि व्हीओओचे ४३,००० शेअर घेतले आणि २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत विकून टाकले, दोन्ही वेळेला बफेट बाजाराबद्दल काय सांगतोय यावर पानंच्या पानं लिहिली गेली. घेतलेल्या दोन्हींची मिळून किंमत होती साधारण अडीच कोटी डॉलर, आणि तेव्हाचा त्यांचा १३एफमधला एकूण पोर्टफोलिओ होता सुमारे २४ हजार कोटी डॉलरचा. हजारात एक भाग पण नाही, दहा हजारात एक. अशा ओळीवरून कुठलाही निष्कर्ष काढू नये, नाव कितीही मोठं असलं तरी.

आता भागाकार

टक्का काढायला खाली एकूण शेअर लागतात आणि कंपनीच्या शेअरसारखी ही संख्या स्थिर नसते, ऑथराइज्ड पार्टिसिपंट (ईटीएफ कंपनीशी थेट व्यवहार करणाऱ्या मोठ्या संस्था) रोज नवीन युनिट तयार करतात किंवा परत देतात, एसपीवायमध्ये एका वेळी ५० हजारांच्या गठ्ठ्याने. म्हणून भागाकाराला आजची संख्या घेऊ नका, तिमाहीच्या शेवटच्या दिवशीची घ्या, ईटीएफ कंपनीच्या साइटवर मिळते. व्हॅन्गार्डच्या बाबतीत फक्त ईटीएफ क्लासची संख्या घ्या, संपूर्ण फंडाची घेतलीत तर टक्का उगाच खाली दिसेल.

इतकं करून कधीकधी उत्तर १०० टक्क्यांच्या वर येतं, घाबरू नका. पेन्शन फंडाने आपले शेअर उसने दिले, शॉर्ट करणाऱ्याने ते बाजारात विकले, घेणाऱ्या फंडाने आपल्या १३एफमध्ये लिहिले, आणि उसने देणाऱ्यानेही आपले म्हणून लिहिलेलेच आहेत, एकच शेअर दोनदा मोजला गेला. रिटेल क्षेत्राचा एक्सआरटी हा याचा ठळक नमुना, त्यातलं शॉर्ट एकूण शेअरच्या १०० टक्क्यांच्याही वर गेलेलं आहे. म्हणून टक्क्याच्या शेजारी शॉर्ट इंटरेस्टचा रकाना ठेवा, फिन्राकडून (अमेरिकन ब्रोकरांवर देखरेख करणारी संस्था) महिन्यातून दोनदा येतो. आणि तिसरा रकाना एकूण शेअरच्या वाढ-घटीचा, म्हणजे ४५ दिवस थांबायच्या आधीच पैसा आत येतोय की बाहेर जातोय हे तरी कळतं, कुणाचा ते नंतर कळेल.

आपल्याकडच्या ईटीएफचं काय

इथे १३एफसारखं काही नाहीये. कंपन्यांचा शेअरहोल्डिंग पॅटर्न दर तिमाहीला एनएसई-बीएसईवर येतो तसा ईटीएफचा येत नाही, कारण कायद्याने ते म्युच्युअल फंडाचं युनिट आहे. नेटवर 'होल्डिंग्ज' म्हणून जे मिळतं ते ईटीएफने आत कुठले शेअर घेतलेत ते असतं, ईटीएफ कुणी घेतलाय ते नाही, हा घोळ फार जण करतात.

तरी दोन जागा आहेत. एक म्हणजे प्रत्येक फंड हाउसच्या साइटवर दर महिन्याला येणारं सरासरी एयूएमचं (फंडातला एकूण पैसा) विवरण, त्यात गोल्ड ईटीएफ आणि इतर ईटीएफ अशा ओळी असतात आणि समोर रिटेल, एचएनआय (श्रीमंत गुंतवणूकदार), कॉर्पोरेट, बँका-वित्तसंस्था, एफपीआय (परदेशी गुंतवणूकदार) अशी विभागणी. नावं नाहीत आणि एकेका ईटीएफची वेगळी नाही, पण वारा कुठल्या दिशेने आहे ते समजतं. दुसरी जागा म्हणजे योजनेच्या वार्षिक अहवालातल्या टिपा, त्यात निव्वळ मालमत्तेच्या २५ टक्क्यांहून जास्त वाटा असलेले गुंतवणूकदार किती आणि त्यांच्याकडे मिळून किती टक्के ते लिहावं लागतं. नाव तिथेही नसतं, पण निफ्टी आणि सेन्सेक्सच्या मोठ्या ईटीएफमध्ये तो एक कोण असेल याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही. ईपीएफओने ऑगस्ट २०१५ पासून नव्याने येणाऱ्या पैशातला आधी ५ टक्के, मग १०, मग १५ टक्के वाटा ईटीएफमध्ये टाकायला सुरुवात केली, मुख्यतः एसबीआय आणि नंतर यूटीआयच्या निफ्टी-सेन्सेक्स ईटीएफमधून, म्हणजे पगारातून पीएफ कापला जाणारे बरेच जण नकळत त्या एका मोठ्या गुंतवणूकदाराचा भागच आहेत.

याचा खरेदी करताना थेट उपयोग होतो. एयूएम प्रचंड आहे म्हणजे एक्स्चेंजवर घेणारे-विकणारे भरपूर असतील असं नाही, एसबीआय निफ्टी ५० ईटीएफ एयूएममध्ये निफ्टी बीज या दुसऱ्या निफ्टी ईटीएफच्या कितीतरी पुढे आहे तरी रोजची उलाढाल बघितली तर निफ्टी बीज वर असतो, कारण पहिल्यातला बराचसा पैसा घेऊन ठेवलेला आहे, तो स्क्रीनवर येतच नाही. वार्षिक अहवालात एकाच गुंतवणूकदाराकडे मोठा वाटा दिसला तर ऑर्डर टाकताना बाजारभावाने टाकू नका, आयएनएव्ही (आतल्या शेअरच्या भावावरून दिवसभर मोजलं जाणारं युनिटचं मूल्य) बघा, बिड (घेणाऱ्याचा भाव) आणि आस्क (विकणाऱ्याचा भाव) यांच्यातलं अंतर बघा आणि लिमिट लावूनच घ्या.